डहाणूच्या नदीवरची फुकट नाव

(पोस्ट मोठी आहे. पण पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या किंवा इथून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी, असं वाटतं.)

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख कोरलेला आहे. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. उषवदात म्हणजे क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काही पुस्तकांत त्याचं नाव ऋषभदत्त असंही येतं. या लेखात त्याने आपल्या दानधर्माची यादी दिलीय. गायी दिल्या, गावं दिली, सोनं दिलं, तीर्थावर घाट बांधला. सत्तेतल्या माणसांच्या याद्या अशाच असतात, आजच्या कार्यअहवालासारख्या. वाचता वाचता झोप येते.

पण मध्येच एक गोष्ट येते आणि आपण सरळ बसतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने लोकांना पलीकडे नेणाऱ्या नावा ठेवल्या. पुण्य म्हणून, म्हणजे उतारूला पैसे पडणार नाहीत अशा. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर थांबायला निवारा आणि प्यायला पाण्याची सोय केली.

दमण म्हणजे दमणगंगा. पारादा म्हणजे वलसाडकडची पार. आणि दाहनुका म्हणजे आपली डहाणूची नदी, असं अभ्यासक मानतात. त्याच लेखात शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा, तिथे प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्याचंही लिहिलंय.

थोडक्यात काय, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या नदीवर १९०० वर्षांपूर्वी फुकट होडी होती, दोन्ही काठांवर शेड होती आणि पाणपोई होती. ही मागणी नव्हती, निवेदन नव्हतं, निवडणुकीचं आश्वासन नव्हतं. काम झाल्यावर कोरलेला दगड आहे तो.

मी हे का सांगतोय ते पुढे येईल. आधी जरा आपल्या पाण्याचा भूगोल बघू.

मी बोळिंजचा. आता बोळिंज म्हटलं की लोकांना म्हाडाच्या इमारती आठवतात आणि त्या घरांच्या पाण्याची रड आठवते. पण विरार स्टेशनवरून आगाशी-अर्नाळ्याकडे जाताना लागणारं हे वाड्यांचं, विहिरींचं गाव. इथून सोपारा हाकेच्या अंतरावर. ज्याला आपण बुरुड राजाचा कोट म्हणायचो, तो स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणला. आतून दगडी पेटी निघाली, पेटीत करंडकात करंडक आणि सोबत बुद्ध-मैत्रेयांच्या आठ लहान मूर्ती. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला. नवव्या लेखाचा तुकडा भुईगावला मिळाला, तो १९५६ मध्ये. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या जुन्या खलाशी मार्गदर्शिकेत या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत 'सुप्पारा' हे नाव आहे. कार्ले आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं वाचा, त्यात सोपाऱ्याची माणसं भेटतात.

हे सगळं शाळेच्या सहलीला सांगतात. सांगत नाहीत ते हे, की हा सगळा माल आणि ही सगळी माणसं हलायची कशावर?

मोठं गलबत समुद्रात थांबतं. खाडीच्या आत, भरती-ओहोटीच्या चिखलात, वाडीच्या बांधापर्यंत जाते ती लहान होडी. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि या दोघींना जोडणारी सोपाऱ्याची खाडी, असा हा तिन्ही अंगांनी पाण्याचा मुलूख. पश्चिमेला तर समुद्रच. इथे होडी म्हणजे बैलगाडी होती. गलबताचं नाव इतिहासात जातं, होडीचं जात नाही. पण होडी नसेल तर गलबतातला माल गलबतातच कुजेल.

यावरून एक बाहेरचं उदाहरण सांगतो. कारण आपल्या वस्तूची किंमत आपल्याला कधी कधी दुसऱ्याचं घर बघितल्यावर कळते.

भूर्जपत्र आपल्याला माहीत आहे. हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या. उत्तर अमेरिकेत याच कुळातल्या झाडाच्या सालीची तिथल्या आदिवासींनी होडी केली. साल झाडावरून अखंड सोलायची, आतून देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा बसवायचा, स्प्रूस झाडाची मुळं चिरून त्यांच्या दोऱ्याने साल शिवायची आणि शिवण झाडाच्या चिकाने बंद करायची. खिळा एकही नाही. लहान होडी एक-दोन माणसं खांद्यावर उचलू शकतात. वाटेत धबधबा आला की होडी पाण्यातून काढायची, डोक्यावर घ्यायची, जंगलातून चालत जायचं आणि पुढच्या तळ्यात टाकायची. फाटली तर दुरुस्तीचं सामान आजूबाजूच्या रानातच.

गोरे व्यापारी तिथे पोचले तेव्हा त्यांच्या जड लाकडी बोटी त्या नद्यांवर चालेनात. १६०३ मध्ये शांप्लें नावाच्या फ्रेंच माणसाने सेंट लॉरेन्स नदीचे खळाळ पाहिले आणि त्याच्या लक्षात आलं की या देशात आत जायचं तर इथल्या लोकांच्याच होडीने जावं लागेल. पुढे दोनशे वर्षं कातड्यांचा सगळा व्यापार सालीच्या होड्यांवर चालला. मॉन्ट्रियलहून निघणाऱ्या मोठ्या होड्या अकरा मीटरच्या आसपास लांब असायच्या आणि तीनेक टन माल घ्यायच्या. व्यापाऱ्यांच्या कंपन्या श्रीमंत झाल्या, त्यांची नावं इतिहासात राहिली. होडी ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या आदिवासींच्या जमिनी गेल्या. मग आगगाडी आली, कारखान्यातल्या बोटी आल्या आणि सालीची होडी मागे पडली.

पण तिथे एक गोष्ट बरी घडली. एडविन टॅपन अ‍ॅडनी नावाचा एक तरुण १८८७ साली कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकला गेला. तिथल्या एका आदिवासी कारागिराशेजारी बसून त्याने होडी कशी बांधतात ते पाहिलं, मापं घेतली, चित्रं काढली, स्वतः होडी बांधली. मग उभं आयुष्य त्याने वेगवेगळ्या जमातींच्या होड्यांची शंभरावर लहान मॉडेलं केली. तो १९५० मध्ये वारला. त्याच्या टिपणांचं पुस्तक १९६४ मध्ये निघालं. पुढे तिथल्या आदिवासींच्या नव्या पिढीने पुन्हा होड्या बांधायला घेतल्या, तेव्हा शिल्लक राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींसोबत या मापांचाही उपयोग झाला.

आता आपल्याकडे या.

आगाशी हे एकेकाळी गलबतं बांधण्याचं ठिकाण होतं. आज आगाशीचं नाव घेतलं की सुकेळी आठवतात, फार तर तलाव आणि देऊळ आठवतं. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आगाशीवर हल्ले करून ती लुटली-जाळली, ती केळ्यांसाठी नाही. इथे लाकूड होतं, सुतार होते, बंदर होतं. वैतरणेच्या वरच्या अंगाला सागाची जंगलं, तिथले आदिवासी लाकूडतोडे, आणि पाण्यावरून खाली येणारे ओंडके. म्हणजे होडीचा धंदा हा फक्त कोळ्यांचा नव्हता. जंगलातल्या वारल्यापासून आगाशीच्या सुतारापर्यंत आणि अर्नाळ्याच्या तांडेलापर्यंत ही एकच साखळी होती.

१८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. केळी, पानं, भाजी, फुलं हळूहळू गाडीत चढली. मग ट्रक आला. यात कोणाचा दोष नाही. चार तासांचं काम दीड तासात होत असेल तर कुठला बागायतदार शिडाची वाट बघत बसेल? लाकडी होडी जाऊन फायबरची आली, तेही मी समजू शकतो. सागाचा भाव, दर वर्षीची डागडुजी, होडी ओढायला लागणारी माणसं. मच्छीमाराला पोट आहे, त्याने आपल्या हौसेसाठी लाकडी होडी का सांभाळावी?

माझं दुखणं वेगळं आहे. अर्नाळ्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीबाबांना मी काही वर्षांपूर्वी भेटलो होतो. होडीबद्दल बोलायला नव्हे, मासळीच्या दुष्काळावर बातमी करायला. बोलता बोलता ते होडीवर आले. कागदावर नकाशा नाही. सुरुवात पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून. मग नाळ उभी करायची, फळ्या चढवायच्या, फटीत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल. मी विचारलं, "बाबा, माप कुठे लिहून ठेवता?" त्यांनी हाताची वीत दाखवली. म्हणाले, "हा हात जाईल तेव्हा मापपण जाईल." मुलगा काय करतो विचारलं. वसईला कंपनीत आहे म्हणाले.

मी ती बातमी दिली. मासळीची छापून आली, चार कॉलम. होडीचा परिच्छेद जागेअभावी कापला गेला. जिल्हा पत्रकारितेत हे रोजचं आहे, त्याचं रडगाणं गात नाही. पण आपल्याकडे कोणी अ‍ॅडनी येऊन बसला नाही, हे खरं. विद्यापीठाचा कोणी नाही, नगरपालिकेचा नाही, आताच्या महापालिकेचाही नाही.

एका बाबतीत मात्र देशाने मनावर घेतलं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं एक जहाज आहे. त्यावरून गोव्यात शिवलेल्या फळ्यांचं जहाज बांधलं, काथ्याच्या दोरीने शिवून, खिळ्याशिवाय. काम केलं केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली. 'कौंडिण्य' नाव देऊन २१ मे २०२५ ला ते कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने निघालं. मला याचा खरंच आनंद झाला. शिवणारे हात केरळात अजून जिवंत होते म्हणून अजिंठ्याचं चित्र पाण्यात उतरलं. चित्र आपल्याकडे, हात त्यांच्याकडे. आपल्या किनाऱ्यावरचे हात आपण अजून मोजलेलेही नाहीत.

आणि आता मूळ मुद्दा. कारागिरी ही एक बाजू झाली. पण होडी नाहीशी झाली की तिच्यासोबत पलीकडे जाण्याचा हक्कही नाहीसा होतो. ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण लोकलमध्ये खिडकीशी बसलेलो असतो.

वैतरणा स्टेशन सोडून गाडी डहाणूकडे निघाली की खाडीवर दोन मोठे पूल लागतात, ९२ आणि ९३ नंबरचे. त्या दोन पुलांच्या मध्ये वाढीव आणि वैतीपाडा ही वस्ती आहे. चारी बाजूंनी पाणी. तिथल्या माणसांना स्टेशन गाठायचं तर वर्षानुवर्षं एकच वाट, रेल्वेचा पूल. शाळेची पोरं, डोक्यावर भाजी-मासळीची पाटी घेतलेल्या बाया, कामाला जाणारे पुरुष, आजारी माणसाला उचलून नेणारे. खाली खाडी, बाजूने धडधडत जाणारी एक्स्प्रेस. या पुलावर माणसं गेलीत. काही गाडीखाली, काही पाण्यात. गाडीतून भिरकावलेल्या नारळाने, निर्माल्याच्या पिशवीने जखमी होण्याचे प्रकारही आपल्या खाडीपुलांवर घडतात.

या बातम्या मी केल्यात. त्या आठ ओळींत बसतात. 'रेल्वे पुलावरून जाताना' अशी सुरुवात होते आणि 'अपमृत्यूची नोंद करण्यात आली आहे' असा शेवट. त्यात एक शब्द कायम असतो: बेकायदेशीर. म्हणजे रेल्वेच्या हद्दीतून चालणं बेकायदेशीर. कायद्याने बरोबर आहे. पण मग कायदेशीर वाट कुठली, हे त्या आठ ओळींत कधीच येत नाही.

अर्नाळा किल्ल्याचं गाव घ्या. बेटावर वस्ती आहे, मतदार आहेत. ये-जा होडीने. पावसाळ्यात समुद्र खवळला की बाळंतीण असो की साप चावलेला, आधी दर्याची परवानगी. १८ जून २०२५ ला नौदलाने 'अर्नाळा' नावाची युद्धनौका ताफ्यात घेतली, याच किल्ल्याच्या नावाने. छाती भरून आली. त्या दिवशी किल्ल्यातल्या बायका नेहमीसारख्याच गुडघाभर पाण्यातून होडीत चढत होत्या. नायगाव-भाईंदरच्या मधल्या पाणजू बेटाचीही तीच गत. जगातली सर्वांत गर्दीची रेल्वे अंगावरून जाते आणि गावाला होडीशिवाय वाट नाही.

सरकारने काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. रस्त्याने अडतीसेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून साडेतीन. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या नारिंगीहून पलीकडे सफाळ्याच्या खारवाडेश्रीला रो-रो सुरू झाली. साठेक किलोमीटरच्या जागी दीड. मी स्वतः गेलोय, चांगली सोय आहे. पाण्यातून वाट असते, हे दीडशे वर्षांनी शासनाला पुन्हा आठवलं, याबद्दल अभिनंदन.

पण रो-रोचा विचार गाडीपासून सुरू होतो. कार, टेम्पो, मोटारसायकल. पायी माणूस त्यात चढू शकतो, पण जेट्टी कुठे बांधायची हे गाडीचा रस्ता ठरवतो. वाढीवला गाडी नाही, म्हणून वाढीवचा माणूस या हिशोबात नाही. उषवदाताच्या यादीत गाडीचा उल्लेख नाही. त्याने नदी बघितली, काठावर खोळंबलेला माणूस बघितला आणि नाव ठेवली.

याच जिल्ह्यात वाढवण बंदर होतंय. ७६,२२० कोटींचं. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. ते व्हावं की न व्हावं, यावर मच्छीमारांचं काय म्हणणं आहे, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर मी आधीही लिहिलंय. इथे एवढंच विचारतो की जगातली मोठमोठी जहाजं ज्या जिल्ह्यात लागणार आहेत, त्या जिल्ह्यात दोनशे-पाचशे माणसांच्या गावाला एक इंजिनाची होडी, दोन पगारी नावाडी आणि दोन्ही काठांवर पत्र्याची शेड का मिळू नये? हा खर्च ७६ हजार कोटींच्या हिशोबात अपूर्णांकातही दिसणार नाही.

शेवटची एक गोष्ट. जुलै २०१८ आठवतोय? नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, बडोदा एक्स्प्रेस अडकली. गाडीतल्या लोकांना काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या. वसईत मिठागराच्या वस्तीत शेकडो लोक पाण्याने वेढले गेले. तेव्हा सगळे म्हणाले, अतिवृष्टी. पाऊस जास्त होताच. पण जिथे बोटी चालल्या तो मुलूखच खाडीचा आहे. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, उरलेली आपण भरावाने भरली. खाडी नकाशावरून गेली, पाण्याच्या आठवणीतून गेली नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या. तुम्हाला पटल्या तर तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला, सरपंचाला विचारा.

एक. वाढीव-वैतीपाडा, अर्नाळा किल्ला, पाणजू आणि अशा प्रत्येक वस्तीला एसटीसारखी ठरल्या वेळेची सार्वजनिक होडी. विद्यार्थी आणि रुग्णांना फुकट. दोन्ही काठांवर शेड, दिवा, पिण्याचं पाणी. पूल होईल तेव्हा होईल, तोवर माणसाने रुळावरून चालू नये.

दोन. उत्तनपासून डहाणूपर्यंत लाकडी होडी बांधणारे जे कोणी मिस्त्री हयात आहेत, त्यांची मापं, हत्यारं, शब्द यांची रीतसर नोंद. हातात सूत आणि मोबाइल एवढंच लागतं. महापालिका करणार नसेल तर कॉलेजच्या मुलांनी करावी. मी सोबत येतो.

तीन. खाड्यांच्या तोंडावरचा भराव थांबवा. होडीला वाट राहिली तर पुराच्या पाण्यालाही राहील.

आपल्याकडे नदी उतरायच्या जागेला आणि तिथल्या नावेला 'तर' म्हणायचे. त्या शिलालेखातही हाच शब्द आहे. तुमच्या गावात तर कुठे होती? नावाडी कोण होते, भाडं काय होतं, रोख की भाताच्या पेंढ्या? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. जुना फोटो असेल तर टाका. मी सगळं एकत्र करून गावांची यादी बनवतोय. जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायला जाईन तेव्हा ती यादी सोबत जोडेन, आणि सगळ्यात वर उषवदाताच्या लेखाची प्रत लावेन.

शेअर करायला परवानगी विचारू नका. करा.